व्हिडिओवर डॉक्टर दिसतो, नाडी कोण बघणार?

मागच्या महिन्यात या सदरात मी सहज लिहून गेले होते की कुडाळच्या माझ्या घरून आठवड्यातले तीन दिवस सकाळी मी व्हिडिओवर रुग्ण तपासते. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काहींनी कौतुक केलं, काहींनी चक्क झापलं. त्यातल्या पाच पत्रांना उत्तरं देते. एकाच प्रकारच्या शंका एकत्र केल्या आहेत आणि नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत. आधी पत्र, मग माझं उत्तर.

माझे वडील 74 वर्षांचे आहेत. पाच वर्षांपासून त्यांना पार्किन्सन आहे. दर तीन महिन्यांनी भाड्याची गाडी करून दोडामार्गहून कोल्हापूरला न्यूरॉलॉजिस्टकडे नेतो. घाटात त्यांना उलट्या होतात, अख्खा दिवस जातो आणि डॉक्टर बघतात दहा मिनिटं. आता डॉक्टरच म्हणतात, मधल्या खेपा व्हिडिओवर करू. आई म्हणते, त्यांना आता आपला कंटाळा आला. काय करावं?

आईंना सांगा, कंटाळलेला डॉक्टर व्हिडिओ सुचवत नाही, तो चिठ्ठी ‘कंटिन्यू’ लिहून मोकळा होतो. व्हिडिओवर बघायला डॉक्टरांचा उलट जास्त वेळ जातो.

पार्किन्सन हा बराचसा डोळ्यांनी ओळखायचा आजार आहे. हाताचा कंप, चेहऱ्यावरची हालचाल, चालण्याची ढब, वळताना पडणारी पाच-सहा छोटी पावलं, बोलण्याचा आवाज, हे सगळं पडद्यावर दिसतं आणि ऐकू येतं. दिसत नाही तो स्नायूंचा ताठरपणा. त्यासाठी डॉक्टरांना मनगट आणि कोपर स्वतःच्या हातात धरून हलवून बघावं लागतं. तोल तपासायला रुग्णाला मागून खांदे धरून ओढतात, तीही परीक्षा व्हिडिओवर होत नाही. घरी कुणी तो प्रयोग करू नका. वडील पडले तर खुबा मोडेल आणि मग कोल्हापूरची खेप वेगळ्याच कारणाने होईल. म्हणून माझं मत असं की वर्षातून दोनदा तरी प्रत्यक्ष न्या आणि मधल्या खेपा व्हिडिओवर करा.

पण व्हिडिओची तयारी करावी लागते. कॉल लागला की सगळं घर मोबाइलभोवती जमतं आणि डॉक्टरांना वडिलांच्या कपाळाखेरीज काही दिसत नाही, हे मी रोज अनुभवते. मोबाइल हातात धरू नका. पडवीतल्या स्टुलावर डबा ठेवून त्याला आडवा टेकवा. उजेड वडिलांच्या तोंडावर पडू दे, पाठीवर नको. त्यांना खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का ते दाखवा, मग दहा-बारा पावलं चालवा, वळवा, परत आणा. तुम्ही बाजूला हात पुढे करून उभे राहा. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भराभर आपटायला सांगा, आधी एक हात, मग दुसरा. एवढं मन लावून केलंत तर दवाखान्यातल्या त्या दहा मिनिटांपेक्षा डॉक्टरांना जास्त कळेल.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे वेळेची नोंद. लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सनच्या मुख्य औषधाची, गोळी घेतल्यावर काही वेळ माणूस मोकळा होतो आणि असर उतरला की पुन्हा जखडतो. दवाखान्यात पोचेपर्यंत वडील यातल्या कोणत्या अवस्थेत असतील हे घाट आणि ट्रॅफिक ठरवतात. घरी हे तुमच्या हातात आहे. कॉलच्या आधीचे तीन दिवस एका कागदावर लिहा: गोळी किती वाजता, मोकळं किती वाजता वाटलं, जखडायला किती वाजता सुरुवात झाली, जेवण किती वाजता झालं. प्रथिनांच्या जेवणाने ही गोळी शोषली जाण्यात अडथळा येतो. दुपारी माशाच्या जेवणाबरोबर गोळी घेणारे किती तरी आजोबा मला ‘चारच्या सुमाराला मी लाकूड होतंय’ असं सांगतात. गोळी जेवणाआधी किती वेळ घ्यायची ते डॉक्टरांना विचारून घ्या. स्वतःहून डोस बदलू नका आणि एकदम बंद तर कधीच करू नका.

बीपीचं मशीन असेल तर वडिलांना पाच मिनिटं झोपवून एकदा मोजा, उभं राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. या आजारात उभं राहताच रक्तदाब घसरतो आणि माणूस कोसळतो. हे तीन आकडे कागदावर असले तर डॉक्टर तुम्हाला दुवा देतील.

आता तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका गोष्टीवर मी अडले आहे. घाटातल्या उलट्या. त्यावर वडिलांना कोणती गोळी देता? मेटोक्लोप्रमाइड असेल तर आजच थांबवा. उलटी थांबवणारं हे औषध मेंदूत डोपामिनच्या, म्हणजे या आजारात आधीच कमी पडणाऱ्या रसायनाच्या, आड येतं आणि पार्किन्सन वाढवतं. कित्येक घरांत असं झालेलं मी पाहिलंय: कोल्हापूरला जाताना गोळी दिली, डॉक्टरांसमोर वडील जास्त जखडलेले दिसले, म्हणून मुख्य औषधाचा डोस वाढला. घरात पडून असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एकदा कॅमेऱ्यासमोर धरा. व्हिडिओचा मला सर्वांत आवडलेला फायदा हाच. दवाखान्यात लोक फाइल आणतात, गोळ्यांचा डबा घरीच राहतो.

आणखी एक. वडिलांना भास होतात का, रात्री ओरडतात का, हे त्यांच्या समोर विचारलं की ते ‘काय नाय’ म्हणतात. त्यासाठी डॉक्टरांना पाच मिनिटं वेगळा फोन मागा. रेंजचं म्हणाल तर चालण्याची क्लिप आदल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा आणि कॉलच्या वेळी रेंज गेली तर साध्या फोनवर बोला. जुन्या रुग्णाशी फोनवर बोलायला नियमांची हरकत नाही.

आमच्या उपकेंद्रात ताप, बीपी, साखर काहीही घेऊन गेलं की मॅडम कॉम्प्युटर लावतात आणि पलीकडून डॉक्टर बोलतात. खेड्यातल्या लोकांना डॉक्टर द्यायचा नाही म्हणून काढलेली ही युक्ती आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तुमचा राग मला समजतो, पण त्यातला अर्धाच मला पटतो.

आधी थोडी माझी जुनी गोष्ट. 2001 पासून इस्रोने उपग्रहाच्या मदतीने दूरच्या रुग्णालयांना मोठ्या रुग्णालयांशी जोडायला सुरुवात केली. त्यानंतर काही वर्षांनी मी होते त्या सरकारी रुग्णालयातही अशी एक खोली झाली. एसी, मोठा टीव्ही, कुलूप. पलीकडच्या तज्ज्ञाची वेळ ठरायची मंगळवारी दुपारी, आणि आमच्याकडे जूनपासून मंगळवारी दुपारी हटकून पाऊस. लाइन जायची. रुग्ण बाहेर बाकावर बसलेला आणि आमचा शिपाई टीव्हीवरची धूळ पुसतोय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. ते यंत्र वाईट नव्हतं. त्याच्यासमोर कुणाचं रोजचं काम नव्हतं.

ई-संजीवनीत, म्हणजे तुमच्या उपकेंद्रातल्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सरकारी सेवेत, तो फरक पडला. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने ती बनवली. उपकेंद्रातून डॉक्टरांशी जोडणारा भाग नोव्हेंबर 2019 मध्ये आणि घरबसल्या थेट डॉक्टरांशी बोलायचा भाग लॉकडाउनमध्ये, 13 एप्रिल 2020 रोजी सुरू झाला. फेब्रुवारी 2023 पर्यंत दहा कोटींच्या वर सल्ले दिले गेले. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण त्यातले सर्दी-खोकल्याचे किती आणि हृदयरोगतज्ज्ञाकडचे किती हे त्यातून कळत नाही, म्हणून मी त्याला फारसा हार घालत नाही. तुमच्या रागातला मला पटलेला अर्धा भाग हा. तज्ज्ञ ठराविक वेळीच असतात, रांग असते आणि पलीकडच्या डॉक्टरने लिहिलेली गोळी उपकेंद्राच्या कपाटात नसली तर त्या चिठ्ठीचा उपयोग काय?

पण तुम्ही ज्यांना ‘मॅडम’ म्हणता त्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना (सीएचओ) कमी लेखू नका. गेल्या वर्षी मार्चमध्ये अशाच एका सीएचओने एक तरुण माझ्यासमोर बसवला. ताप चौथा दिवस, डोकं फुटतंय, अंग मोडलंय. पडद्यावर मला तो साध्या तापाचा रुग्ण दिसला आणि मी पॅरासिटामॉल लिहायला घेतलं. तेवढ्यात ती हळूच म्हणाली, “मॅडम, हा काजूच्या बागेत कामाला आहे आणि पलीकडच्या वाडीत परवा माकड मेलंय.” मी पेन खाली ठेवलं. दोडामार्ग, बांदा भागात 2016 पासून माकडताप येतो हे मला पाठ आहे. तो जंगलातल्या गोचिडीमुळे जानेवारी ते मे या दिवसांत पसरतो, तेही माहीत आहे. पण मेलेलं माकड मला कुडाळच्या खोलीत बसून कसं दिसणार? रक्त तपासायला गेलं आणि माकडतापच निघाला. तो मुलगा वेळेत दाखल झाला आणि बरा होऊन घरी आला. त्या दिवशी तज्ज्ञ कोण होतं, ते तुम्हीच ठरवा.

तेव्हा युक्ती म्हणून सोडून देऊ नका, भांडा. पण नेमकं भांडा. ग्रामसभेत विचारा: उपकेंद्रावर लिहून दिलेली औषधं मिळतात का? त्वचा, मानसिक आजार, स्त्रीरोग यांचे तज्ज्ञ कोणत्या वारी आणि किती वाजता लागतात याचा फलक आहे का? मॅडम रजेवर असल्या की कॉम्प्युटरसमोर कोण बसतं? आणि मनाच्या आजारासाठी तर उपकेंद्रापर्यंतही जायला नको. टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलतात.

मांडीवर आणि कमरेला खाज येणारे गोल चट्टे आहेत. फोटो पाठवून औषध मिळेल का? लाज वाटते म्हणून दवाखान्यात गेले नाही.

मिळेल. त्वचारोगाला फोटो चालतो आणि लाजेच्या बाबतीत तर ती मोठीच सोय आहे. पण मला येणाऱ्या दहांतले सात फोटो निकामी असतात. रात्री ट्यूबलाइटमध्ये फ्लॅश मारून काढलेला फोटो सगळंच पांढरं करतो. सकाळी खिडकीशी बसा. एक फोटो लांबून, म्हणजे चट्टे शरीरावर नेमके कुठे आहेत ते कळेल. एक जवळून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळेल. चट्ट्यावर हळद, पाला, लोशन काही नको. दोन दिवस आधीपासून नको.

आणि मेडिकलमधून आणलेलं ‘तिन्ही-चारी गोष्टींवर चालणारं’ मलम लावलं असेल तर त्या ट्यूबचाही फोटो पाठवा. मला खात्री आहे, तुम्ही लावलं असणारच. त्यात बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असलं तर तो स्टिरॉइड आहे. गजकर्णाची खाज त्याने दोन दिवस थांबते आणि बुरशी आत पसरत राहते. चट्ट्याची कड पुसट होते आणि मग फोटोवरून आम्हालाही ओळखता येत नाही. कोकणातल्या पावसात, ओल्या कपड्यांत, हे घरोघरी झालंय. घरात आणखी कुणाला खाज आहे का तेही कळवा, नाहीतर एकाला बरं करायचं आणि दुसऱ्याने टॉवेलातून परत द्यायचं.

फोटोत न दिसणारी एक गोष्ट मात्र आहे. चट्टा फिकट किंवा तांबूस असेल, खाजत नसेल, तर डोळे मिटून त्यावर कुणाला तरी पेनाचं टोक हलकेच टेकवायला सांगा. शेजारच्या चांगल्या त्वचेवर लागतं तसं तिथे लागत नसेल तर फोटो पाठवू नका, सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तो कुष्ठरोग असू शकतो. औषध मोफत मिळतं, पूर्ण बरा होतो, आणि यात लाजण्यासारखं काही नाही.

माझा मुलगा रियाधला आहे. तो सांगतो, तिकडे अख्खं व्हर्चुअल हॉस्पिटल आहे. आपल्याकडे असं झालं तर छातीत दुखणाऱ्याला बांबोळीपर्यंत धावायला नको. कधी होणार?

मुलगा बरोबर सांगतो. रियाधमध्ये 2022 साली सेहा नावाचं असं रुग्णालय सुरू झालं. अमेरिकेत मिसुरी राज्यात त्याआधीच, 2015 मध्ये, खाटा नसलेली एक इमारत मर्सी नावाच्या संस्थेने उभी केली. आत नुसते पडदे, डॉक्टर आणि नर्स. पण रुग्ण कुठे असतो हे मुलाला विचारा. तो दुसऱ्या गावच्या खऱ्या रुग्णालयात खऱ्या खाटेवर असतो, शेजारी नर्स असते, सीटी स्कॅनचं यंत्र असतं. रियाधचा मेंदूतज्ज्ञ तो स्कॅन बघून सांगतो, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्या. देणारा हात तिकडचाच असतो.

आणि त्यासाठी रियाधला कशाला जायचं? तुम्ही बांबोळीचं नाव काढलंत. गोव्यातच ‘स्टेमी गोवा’ नावाने हेच चालतं. छातीत दुखणारा माणूस जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात येतो, ईसीजी काढला जातो, तो बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातल्या हृदयरोगतज्ज्ञांपर्यंत पोचतो आणि मोठा झटका असेल तर गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेस तिथेच, केंद्रातच दिलं जातं. मग अॅम्ब्युलन्स बांबोळीकडे निघते. यात रुग्ण कुठल्या पडद्यासमोर बसत नाही. डॉक्टर डॉक्टरशी बोलतो. माझ्या मते जीव वाचवणारी टेलिमेडिसिन, म्हणजे दुरून केलेली वैद्यकी, हीच, आणि मोबाइल अॅपच्या जाहिरातींत ती दिसत नाही.

पण हे वाचून कुणी छातीत कळ आल्यावर मला व्हिडिओ कॉल करू नका. कृपा करा. गेल्या पावसाळ्यात एका गृहस्थांनी केला. घामाने डबडबलेला चेहरा, मागे बायको पंखा हलवतेय, आणि ते मला विचारतायत, ‘गॅस असेल ना?’ मी ओरडून 108 लावायला सांगितलं. त्यांच्याशी बोलण्यात माझी चार मिनिटं गेली ती अजून टोचतात. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, श्वास न पुरणं, गरोदर बाईला रक्तस्राव: 108. पक्षाघाताचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि सावंतवाडीहून कुठेही पोचायला त्यातला किती वेळ जातो ते तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे.

आमचा भाचा अमेरिकेत डॉक्टर आहे. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो सगळ्यांना औषधं सांगतो. पण मेडिकलवाला त्याचं लिहिलेलं देत नाही आणि इथल्या डॉक्टरांनी मोबाइलवर पाठवलेली चिठ्ठीही घेताना कुरकुरतो. त्याला नियम सांगाल का?

मेडिकलवाल्याची पहिली कुरकुर रास्त आहे. आपल्याकडचे टेलिमेडिसिनचे नियम 25 मार्च 2020 रोजी आले. ते फक्त भारतात नोंदणी असलेल्या डॉक्टरांना लागू आहेत. भाचा तिकडे कितीही मोठा असो, त्याची चिठ्ठी इथे चालत नाही. त्याच्याकडून आजार समजून घ्या, इथल्या डॉक्टरला काय विचारायचं ते शिकून घ्या, त्याचा मोठा उपयोग होतो. गोळीचं नाव मात्र घेऊ नका. तिकडची नावं वेगळी आणि त्याने तुमच्या आत्याची किडनीची तपासणी पाहिलेली नाही.

दुसरी कुरकुर चुकीची. इथल्या डॉक्टरने मोबाइलवर पाठवलेली चिठ्ठी वैध असते. त्यावर डॉक्टरचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, तुमचं नाव, वय, तारीख आणि सही असली पाहिजे. फोटो किंवा पीडीएफ दोन्ही चालतं. नोंदणी क्रमांक नसलेली चिठ्ठी मीसुद्धा घेणार नाही. साधी गोळी फोनवर बोलून लिहिता येते, बरीच औषधं पहिल्या वेळी व्हिडिओवर पाहिल्याशिवाय लिहिता येत नाहीत आणि मॉर्फिनसारखी, अमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधं तर व्हिडिओवरही नाहीत. कॅन्सरच्या वेदनांसाठी मॉर्फिन लागणाऱ्या घरांना हा नियम फार जाचतो, आणि घरात पडून असलेल्या माणसाला त्या एका चिठ्ठीसाठी गाडीत घालताना मी पाहिलंय. हा नियम बदलायला हवा असं मला वाटतं, पण तोपर्यंत डॉक्टर नाही म्हणाला तर त्याच्यावर चिडू नका.

2020 चे हे नियम येण्याआधी फोनवर औषध सांगायला आम्ही घाबरायचो. 2018 मध्ये एका प्रकरणात फोनवरून उपचार सांगणाऱ्या डॉक्टर दांपत्याला मुंबई उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला, तेव्हा कित्येकांनी रात्रीचे फोन उचलणंच बंद केलं. माझ्या एका म्हाताऱ्या रुग्णबाईंना त्याच्याशी काही घेणं नव्हतं. मी पहिल्यांदा व्हिडिओवर दिसले तेव्हा त्या नातीला बाजूला सारून म्हणाल्या, “गे बाय, माका हात लावल्याशिवाय कसला वखद देतलस?” मी नातीला त्यांच्या पायाच्या घोट्यावर बोट दाबून धरायला सांगितलं. खड्डा पडला, तसाच राहिला. मी पाणी उतरवायची गोळी वाढवली आणि दोन दिवसांनी पुन्हा तोच खड्डा बघायचं ठरलं.

भाच्याला माझा नमस्कार सांगा.